कोरड्या धोतराची पैज

संडासाच्या दारात चपला काढून शरणबसप्पा आत गेले, पांढऱ्या फरशीपुढं हात जोडून उभे राहिले आणि तसेच बाहेर आले. मग सोप्यात येऊन त्यांनी खांबापाशी धोतर भिजवलं.

त्यांच्या बायकोनं, गौराबाईनं, कपाळाला हात लावला. हे रोजचंच झालं होतं. माकणी गावातल्या या घरात तिच्या लेकानं, शिवप्रसादनं, मोठ्या हौसेनं संडास बांधला होता. भिंतीला वरपर्यंत फरश्या, चकचकीत भांडं. म्हाताऱ्याचं डोकं विसरायला लागलं तशी एक गोष्ट मात्र त्यात पक्की बसली, की इतकी सोवळी जागा म्हणजे देवाचीच. आता देवापुढं कोण लघवी करील? गळ्यात इष्टलिंग घालून सत्तर वर्षं काढलेला माणूस! बायकोचं नाव विसरला, रीत नाही विसरला.

"अव्वा, बास झालं आता," येळवशीसाठी, वेळा अमावास्येच्या रानातल्या सणासाठी, पुण्याहून आलेला शिवप्रसाद म्हणाला. "दिवसभर धोतरं धुतीस. हात बघ कसे झालेत. डॉक्टरला विचारून लघवीची नळी बसवून घेऊ. पिशवी खाटंला टांगली की झंझट मिटलं."

"आन् मालकानी खाटंवर पडून ऱ्हायचं व्हय?"

"मग काय करू? डायपर तर ओरबाडून फेकतेत."

लेकाचं चूक नव्हतं, हीच तर पंचाईत होती. पण मालकाला खाटेला बांधलेलं तिच्यानं बघवणार नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढं रानातून चालणारा माणूसच यायचा.

"उद्या त्येंला येळवशीला रानात घेऊन जाऊ," ती एकदम म्हणाली. "दिसभर धोतर कोरडं ऱ्हायलं तर नळीचं नाव काढायचं न्हाय. भिजलं, तर तू म्हणशील तसं. लाव पैज."

"सगळ्या भावकीसमोर? अव्वा, शोभा होईल अप्पांची."

"जल्म रानात गेलाय त्येंचा. तिथं त्येंला कळतंय."

बोलून बसली खरी, पण सकाळी निघताना एक जादा धोतर तिनं पिशवीत घातलंच.

रानात ज्वारी माणसाच्या डोक्याला लागली होती. भावकीनं कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी केली होती, आत पूजेला पाच दगडांचे पांडव मांडले होते. पिकअपमधून उतरताच शरणबसप्पांनी हरभऱ्याची डहाळी उपटली आणि पोरासारखी खात निघाले. गौराबाईचा जीव हरखला. अशीच डहाळी ते खिशात घालून घरी आणायचे तिच्यासाठी, सासूच्या नजरेआड! तेव्हा येळवशीला बैलांच्या शिंगांना गोंडे बांधून गाडी निघायची, बाया गाणी म्हणायच्या, आणि हा माणूस गाडीच्या पुढं पुढं चालत उगाच मागं वळून बघायचा. लई चावट होता.

थोड्या थोड्या वेळानं ती म्हणायची, "मालक, बांधाकडं जाऊन या की." आणि म्हातारा खरंच जायचा. तुरीच्या आड थांबायचा, मोकळा होऊन यायचा. ना हात जोडणं, ना घोटाळा. दुपारी जेवणात भाज्यांची घट्ट भज्जी झाली, बाजरीचे उंडे झाले, वर तांब्याभर ताकातली आंबील झाली. शिवप्रसादची नजर बापाच्या धोतरावर, गौराबाईची लेकाच्या तोंडावर. धोतर ठणठणीत कोरडं!

उन्हं कलली तेव्हा मात्र तिचीच पंचाईत झाली. सकाळपासून नवऱ्याच्या मागं मागं फिरताना तिला स्वतःची शुद्ध नव्हती, आणि आता धीर धरवेना. जावं कुठं? आज तर बांधाबांधावर माणसं. ती ज्वारीच्या कडेला नुसतीच इकडंतिकडं बघत उभी राहिली.

शरणबसप्पा घोंगडीवर बसले होते. ते उठले. घोंगडी झटकली आणि सरळ तिच्यापाशी आले. तिच्याकडं पाठ करून त्यांनी दोन्ही हातांनी घोंगडी पसरून धरली.

"जा," म्हणाले. "म्या हुबा हाय."

गौराबाईला सगळं आठवलं. लग्नानंतरची पहिली येळवस! भावकीच्या घोळक्यात नवी नवरी, सांगायची चोरी, रडकुंडीला आलेली. आणि कुणी न सांगता हा माणूस घोंगडी वाळवायचं निमित्त करून असाच येऊन उभा राहिला होता. त्या दिवशी ती त्याची झाली. अंतरपाट धरला होता तेव्हा नव्हे, तेव्हा.

ती ज्वारीत गेली. परत आली तेव्हा ते तसेच उभे होते, हात ताणलेले, जागचे हललेले नव्हते. धोतरातून मात्र धार गळत होती. पायाखालची माती काळी झाली होती. त्यांनाही लागली असणार, पण आडोसा सोडून जायचं कसं?

"आरं माझ्या राजा," ती पुटपुटली. "सोडायची व्हती की घोंगडी."

"तू आजून यायची व्हतीस," ते म्हणाले.

वर बघते तर शिवप्रसाद चार पावलांवर उभा. त्यानं सगळं बघितलं होतं. गौराबाईनं मान खाली घातली. "हरले बाबा म्या. कर तुला काय करायचं ते."

शिवप्रसादनं पिकअपमधून दुसरं धोतर आणून आईच्या हातात दिलं. मग बापाची बोटं हळूहळू सोडवत घोंगडी आपल्याकडं घेतली, भावकीकडं तोंड केलं, आईबापांकडं पाठ केली आणि दोन्ही हात लांबवून ती पसरून धरली.

"बदल तू सावकाश, अव्वा," तो म्हणाला. "मी आहे उभा."