आधी बिघडून दाखवा

नवं वर्ष लागल्यावर पहिल्यांदाच बर्नडीन नवऱ्याचं औषध आणायला गेली, तर औषधांच्या दुकानातल्या ओडेलनं काउंटरवर भलतीच चपटी डबी ठेवली.

"हे आमचं नाही. मला लॅडीचा फवारा हवाय," ती म्हणाली.

"तो विमा कंपनीनं यादीतून काढला, बर्नडीन." ओडेलला सांगताना ओशाळल्यासारखं झालं. म्हाताऱ्यांचा विमा, मेडिकेअर, सरकारचा. पण त्यातली औषधं सांभाळायला खासगी कंपन्या, आणि कुठलं औषध द्यायचं ते ठरवणार त्याच. "आता ही पूड देतात. डबी तोंडाला लावायची आणि पूड जोरात आत ओढायची."

"जोरात? अरे, त्याला जोरात ओढता आलं असतं तर औषध कशाला लागलं असतं?"

तिच्या नवऱ्याची, लॅडीची, उमर नदीकाठच्या कोळशाच्या भट्ट्यांवर गेली होती आणि छातीचा पार भाता फाटला होता. फवाऱ्याचं बरं होतं, दाबला की औषध आपोआप आत जायचं. त्याच्या जोरावर लॅडी दर शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये जायचा. तिथं बायकांच्या घोळक्यात बसून पिरोग्यांना करंजीसारखी मुरड घालायचा आणि चावट विनोद सांगून सगळ्यांच्या शिव्या खायचा.

पदरमोड करून फवारा घ्यायचा तर दोघांचं पेन्शन त्यातच संपलं असतं. डॉक्टरीणबाईंनी कंपनीला कळवलं, की या माणसाला पूड ओढणं झेपणार नाही. कंपनीनं नकार पाठवला. मग बर्नडीननं स्वतः फोन लावला. बराच वेळ बाजा ऐकवल्यावर ट्रिना नावाची मुलगी बोलायला आली.

"यादीतलं औषध आधी वापरून बघावं लागतं, मॅडम. ते लागू पडलं नाही, तर आम्ही तुमच्या औषधाचा विचार करू."

"लागू पडलं नाही हे तुम्हाला कळणार कसं?"

"तब्येत बिघडल्याची नोंद आली की."

"म्हणजे आधी त्यानं बिघडून दाखवायचं?"

"तसं नाही, मॅडम..."

"मग कसं, ते तू सांग ना, पोरी!"

ट्रिनानं तेच वाक्य पुन्हा वाचून दाखवलं. बर्नडीननं फोन आदळला.

"कशाला त्या पोरीवर ओरडतेस?" लॅडी म्हणाला. "आण ती डबी. ओढून बघतो."

त्यानं ओढून बघितलं. रोज बघितलं. पूड जिभेवरच बसायची, तो खोकायचा आणि वर म्हणायचा, "चव मात्र झकास आहे." शुक्रवारी हॉलमध्ये जाणं बंद झालं. मग जिना बंद झाला. एका सकाळी कॉफीचा कप हातातून सुटला आणि लॅडी टेबलाची कड धरून नुसता वाकून राहिला. ओठ निळे पडले होते. बर्नडीननं अँब्युलन्स बोलावली.

इस्पितळात मात्र कुणी यादी विचारली नाही. अँब्युलन्स, मास्क, यंत्रं, अतिदक्षता विभाग, सगळं सरकारी विम्यात बसलं. नर्सनं औषधाची वाफ द्यायला घेतली तेव्हा बर्नडीननं नाव विचारलं. फवाऱ्यातलंच औषध होतं ते! तिला तिथंच आरडाओरडा करावासा वाटला. पण लॅडी डोळे मिटून पडला होता, म्हणून ती बाहेर गेली आणि कॉरिडॉरमधल्या खुर्चीला तिनं लाथ घातली.

तो घरी आला तो नाकात ऑक्सिजनची नळी घेऊनच. ती नळी पुन्हा निघणार नव्हती. त्याच आठवड्यात कंपनीचा फोन आला. या खेपेला आवाज दुसरा होता, आनंदी.

"अभिनंदन, मॅडम! तुमचा फवारा मंजूर झालाय. अट पूर्ण झाली."

"कुठली अट?"

"पहिलं औषध निष्फळ ठरल्याची."

"औषध नाही निष्फळ ठरलं, बाई," बर्नडीन म्हणाली. तिचा आवाज एवढा खाली आला होता की लॅडीनं मान वर करून पाहिलं. "माझा नवरा अर्धा गेला. तुमच्या कागदावर ते कुठं लिहिता?"

आणखी काही मदत हवी आहे का, एवढंच पलीकडून विचारलं.

ऑक्टोबरात, पुढच्या वर्षासाठी विमा कंपनी निवडायच्या हंगामात, कंपन्या गिऱ्हाईकं गोळा करायला लागल्या, तेव्हा याच कंपनीनं ज्येष्ठांच्या केंद्रात फुकट जेवण ठेवलं. ग्रेडी नावाचा गुळगुळीत दाढी केलेला विक्रेता टेबलाटेबलाशी जाऊन म्हाताऱ्यांचे खांदे थोपटत होता. भोपळ्याचं गोड वाढून झालं तशी बर्नडीन उठली. कॉफी ढवळायची बारीक नळी तिनं त्याच्यापुढं धरली.

"नाक दाबून धर, बाळा, आणि हिच्यातून श्वास घे. आता जिना चढ."

"मॅडम, आपण नंतर बोलू या..."

"नंतर कशाला? आधी निष्फळ ठरून दाखव, मग तुला हवा देऊ!"

मग तिनं लॅडीचं सगळं सांगितलं, डबीपासून अभिनंदनापर्यंत. मागून कुणीतरी ओरडलं, "माझ्या बायकोच्या संधिवाताच्या गोळ्यांचंही असंच केलं!" आणखी दोघं बोलले. ग्रेडीनं माइक बंद करायला लावला, पण बर्नडीननं जन्मभर शाळेची बस चालवली होती. तिला माइक लागत नव्हता. काही जण कोट चढवून निघून गेले. तिची शेजारीण रोझेला मात्र कंपनीच्या फॉर्मवर सही करून आली.

"दात फुकट बसवून देतात गं," ती नजर चुकवत म्हणाली.

बर्नडीनला तिचाही राग आला, आणि रोझेलाचं बोळकं बघून तो राग धरताही येईना.

बर्नडीन आणि लॅडीनं कंपनी बदलली. नव्या कंपनीच्या यादीत फवारा आहे, निदान पुढच्या वर्षापुरता. खासदाराला तिनं पत्र लिहिलं, तर आभाराचं छापील उत्तर आलं, "प्रिय श्री. बर्नार्ड" अशा मायन्याचं. लॅडीला नाकातल्या नळीसकट हसता हसता धाप लागली. बर्नडीन हसली नाही. पर्समधून गाडीची किल्ली काढून ती म्हणाली, "दुपारपर्यंत येते. त्या खासदाराच्या कचेरीत जाऊन बसते. मी श्री. आहे की सौ., ते त्याला समोरासमोर बघू दे."