जवाच्या चोथ्याचे पाव

बिअरच्या कारखान्यातला जवाचा चोथा सोनगीरला ढोरांसाठी येतो. तो वाळवून, दळून, मैद्यात मिसळून माझी बायको शेवंता पाव भाजायची. ती काविळीनं गेली. तेराव्यानंतर मी भट्टी पेटवली, तसा तिचा धाकटा भाऊ भटू पहार घेऊन आला.

"दाजी, दारूना पाव खावाडीसन तुम्हीच मनी बहीनले मारं!"

"चोथामा दारू कुठे ऱ्हास रे, येडा?"

त्यानं भट्टीवर घाव घातला. शेवंतानं स्वतः लिंपलेली बाजू ढासळली. मी त्याची मान धरली आणि तोंड जाळात रेटलं. त्याच्या भुवया जळाल्या.

"अक्का!" तो ओरडला. मेलेल्या बहिणीलाच त्यानं हाक मारली होती. माझी पकड सुटली.

त्यानं रडत पहार उचलली आणि उरलेली भट्टीही फोडली. मी अडवलं नाही.