मागे राहणाऱ्या गाईची घंटी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. माझ्या मालकाच्या, बसवराज आप्पांच्या शेवटच्या साध्या दिवशी मी सकाळपासून वाजत होते. तो शेवटचा होता हे दुसऱ्या दिवशी कळलं.

रेणापूरजवळच्या त्यांच्या शेतात सोयाबीन पिवळं पडू लागलं होतं. मुलगी मंजुषा दोन दिवसांसाठी आली होती. ती नांदेडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पुढच्या शनिवारी बापलेक लातूरच्या एका ग्रुपबरोबर सह्याद्रीतल्या जंगलात ट्रेकला जाणार होते. त्या जंगलाचे फोटो मंजुषानेच फोनवर दाखवले होते. "बाराही महिने हिरवं? मंग पानं गळतच न्हाईत का काय?" असं विचारून आप्पांनी लगेच आपलं नाव द्यायला लावलं. जन्मभर फाल्गुनात उघडी पडलेली झाडं पाहिलेला तो माणूस. त्यांना ते एकदा बघायचंच होतं.

ग्रुपच्या सिद्धेश्वरने सांगितलं होतं, धुकं असतं, शेवटच्या माणसाजवळ शिट्टी हवी. आप्पांना ते पटलं नाही.

"शिटीचं काय खरं न्हाई. दम लागल्यावर माणूस फुकणार कशानं? घंटीला नुसतं चालावं लागतंय."

आणि माझा आवाज कुठवर जातो ते त्यांना आधी पाहायचं होतं. त्यांनी मला दोरीत ओवून स्वतःच्या गळ्यात बांधलं. महादेवीकाकू, म्हणजे मंजुषाची आई, शेंगा निवडता निवडता हसल्या. "म्हातारपणी गाय व्हायची हौस आली का?"

"मंजू, तू हिरीवर थांब. मी वड्याकडं जातो. आवाज बंद झाला की हाक मार."

"आप्पा, माझी एसटी आहे."

"यष्टी काय पळून चालली का? उगं दोन मिन्टं."

ती विहिरीच्या कठड्यापाशी उभी राहिली, पण तिचा एक पाय रस्त्याकडेच होता. आम्ही निघालो. बांध ओलांडला, तुरीची ओळ ओलांडली. हाक आली नाही. आप्पा थांबले, मागे वळून पाहिलं आणि पुन्हा चालू लागले. ओढ्याच्या काठावर पोचलो तरी हाक आली नाही. तिथे त्यांनी मला हातात घेऊन आणखी जोरात वाजवलं.

परत आलो तेव्हा विहिरीवर कोणी नव्हतं. काकू म्हणाल्या, "ती गेली की. फाट्याकडं यष्टी आल्याली दिसली, पळालीच."

आप्पा रागावले नाहीत. त्यांनी फोन लावला. "मंजू, कुठवर ऐकू आलं गं?" पलीकडे इंजिनाची घरघर होती. "आप्पा, काही कळत नाही, उद्या बोलते," एवढं मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे धार काढून ते गोठ्याच्या दारात बसले, ते उठले नाहीत. लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसलेल्या स्थितीतच, स्वतःच्या शेतात, ओढ्याच्या काठाला माती दिली. त्यांनी मला जिथे जोरात वाजवलं होतं त्याच्या जवळच.

मित्रांनो, घंटीला एक गोष्ट कधीच कळत नाही. आपण वाजतो ते तिला कळतं. आपला आवाज कुठे जाऊन संपतो, कोणाच्या कानी पडतो, हे तिला कोणीतरी सांगावं लागतं. आप्पांचा प्रश्न त्यांच्याबरोबर गेला नाही. तो माझ्या पोटात राहिला.

माझा जन्म उदगीरच्या एका ओतारी कारागिराकडे झाला. त्याने मला मातीच्या साच्यात ओतलं, घासलं आणि कानाजवळ धरून वाजवून पाहिलं. त्याने मान डोलावली, ती माझ्या वाट्याची पहिली शाबासकी. हाळीच्या गुरांच्या बाजारात आप्पांनी मला घेतलं. त्या दिवशी बाजारात माझ्यासारख्या पुष्कळ घंट्या होत्या. त्या सगळ्या पुढे चालणाऱ्या देखण्या बैलांच्या गळ्यात गेल्या. मलाही वाटलं, आता मिरवायचं.

आप्पांनी मला शेवरी नावाच्या देवणी गाईच्या गळ्यात बांधलं. अंगावर काळे ठिपके, म्हणून शेवरी. ती सगळ्यांत मागे राहायची. कुठे कोवळं गवत दिसलं की थांबायची, सावली दिसली की थांबायची. लोक हसायचे. "बसवराज, घंटी म्होरच्याला बांधत्यात, शेपटाला न्हाई."

"म्होरचा मला दिसतोय की," आप्पा म्हणायचे. "जी दिसत न्हाई तिला बांधली."

शेवरीच्या गळ्यात मी कितीतरी वर्षं वाजले. मंजुषा शाळेला जाऊ लागली तेव्हा डोक्यावर गेलेल्या तुरीतून एकटीने वाट काढायची. आप्पा शेतात काम करता करता कान देत. म्हणून सकाळच्या वेळी ते मला शेवरीच्या गळ्यातून काढून तिच्या दप्तराला बांधत. शाळेतल्या मुली तिला शेवरी म्हणू लागल्या. मग ती गावाबाहेर पडली की माझ्या तोंडात चिंधी कोंबायची. एकदा चिंधी काढताना माझी आतली जीभ तुटली. आप्पांनी तिथे ट्रॅक्टरचा जुना बोल्ट अडकवला. तेव्हापासून माझा आवाज जरा घोगरा आहे.

दिवस घालून झाल्यावर काकूंनी मला मंजुषाच्या हातात दिलं. "तू ने हिला. हितं वाजली की गाया माना वर करून बघत्यात."

नांदेडला तिने मला एका लोकरी मोज्यात घातलं आणि कपाटात ठेवलं. वर्षभर मी तिथे होते. माझी तक्रार नाही. पण मला स्थिर राहणं जमत नाही, माझी घडणच तशी आहे. तिलाही जमत नव्हतं. पुस्तक घेऊन बसायची, उठायची. खिडकी उघडायची, लावायची. कपाट उघडून माझ्यावर हात ठेवायची आणि काही न घेता कपाट बंद करायची.

पुढच्या वर्षी सिद्धेश्वरचा फोन आला. त्याचं लातूरला औषधांचं दुकान आहे. "मॅडम, त्याच जंगलात चाललोय शनिवारी. येता का?" ती "येते" म्हणाली आणि मला मोज्यासकट बॅगेत टाकलं.

त्या जंगलाचं वर्णन मी कसं करू? मी माळावरची घंटी. आमच्याकडे आवाज निघाला की मोकळा पळत सुटतो. इथे भर दुपारी उजेड गाळून खाली येत होता. झाडांना शेवाळ, शेवाळावर नेचे, जाडजूड वेली एका झाडावरून दुसऱ्यावर. पायाखालची पानं कुजून मऊ झालेली. पानं इथेही गळतात, आप्पा, पण झाड उघडं पडत नाही, हे मला तिथे कळलं. मंजुषाने एक पान उचललं, उलटसुलट पाहिलं आणि खिशात ठेवलं.

मग ती चालत सुटली. सगळ्यांच्या पुढे.

"मॅडम, कुठं गाडी चुकायली का तुमची?" सिद्धेश्वर ओरडला. "म्होरं जळवा लई हायत, त्यांना तरी जेवाय वेळ द्या!"

सगळे हसले. सर्वांत मागे मुखेडच्या सुमनबाई होत्या, निवृत्त नर्स. "मी निवृत्त झाले तवाच माझे गुडघेबी झाले," त्या म्हणत होत्या, "पण त्यांना कोणी निरोप समारंभ केला न्हाई." शिट्टी त्यांच्याकडेच दिली होती.

चढ लागला आणि धुकं उतरलं. आधी झाडांचे शेंडे गेले, मग बुंधे गेले, मग पुढच्या माणसाची बॅग गेली. सिद्धेश्वरने सगळ्यांना थांबवलं. मागे हाका मारल्या, "सुमनबाई, शिट्टी वाजवा!" शिट्टी वाजली नाही. बऱ्याच वेळाने त्या धापा टाकत धुक्यातून आल्या, हाताने खूण करत. शिट्टी तोंडात होती, पण फुंकायला छातीत वाराच उरला नव्हता.

मंजुषा त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिने बॅग उतरवली, मला मोज्यातून काढलं आणि सुमनबाईंच्या पिशवीला बांधलं. वर्षभराने मी वाजले, आणि ती डोळे मिटून क्षणभर तशीच उभी राहिली.

"बाई, तुम्ही नुसतं चाला. मी तुमच्या पुढे आहे. आवाज बंद झाला की हाक मारीन."

"गाय केलीस का गं माझी?"

"माझीही केली होती," ती म्हणाली.

आम्ही निघालो. ती पुढे धुक्यात नाहीशी झाली. मी सुमनबाईंच्या पावलांनी वाजत होते, हळू, घोगरी. मित्रांनो, तिथली झाडी आवाज गिळते. मला तीच जुनी धाकधूक लागली. पलीकडे कोणी ऐकत आहे का? की गेली पुन्हा?

वाट एके ठिकाणी फुटली होती. सुमनबाई खाली उतरणाऱ्या फाट्याने गेल्या. ती गव्यांची वाट होती, रुंद आणि सोपी. थोडं उतरल्यावर त्यांचा पाय मुळीत अडकला आणि त्या मटकन खाली बसल्या. पिशवी मांडीखाली आली. मी मुकी झाले.

आणि त्याच क्षणी वरून हाक आली. "सुमनबाई! ओ बाई!"

दम लागलेल्या सुमनबाईंना ओ देता येईना. त्यांनी मला ओढून काढलं आणि हलवलं. मी आयुष्यात कधी वाजले नाही तशी वाजले. झुडपं बाजूला सारत, घसरत, मंजुषा माझ्या आवाजावर खाली आली. तिने बाईंना हात दिला, गुडघा चाचपला, पाणी पाजलं. मोठं काही लागलं नव्हतं.

"लगेच कसं कळलं गं तुला?" सुमनबाई म्हणाल्या. "मला वाटलं, तू केव्हाच म्होरं निघून गेलीस."

"म्होरंच होते. पण कान इथं होता."

सुमनबाईंनी मला पिशवीवर नीट पुन्हा बांधलं आणि त्या वाटेकडे वळल्या. मंजुषा वळली नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू तुमच्याही घरात असतील. त्यांना घासूनपुसून शोकेसमध्ये ठेवू नका. त्या ज्या कामाच्या आहेत ते काम त्यांना द्या. आणि मागून कोणी काही विचारलं, तर उत्तर कितीही छोटं असलं तरी देऊन टाका. माझं एवढंच मागणं आहे.

माझ्या पोटातला प्रश्न मी वर्षभर सांभाळला. ती हाक न मारता निघून गेली, असंच मी धरून चालले होते. करार काय होता, ते मी विसरले होते. आवाज बंद झाला की हाक मारायची.

सुमनबाई थांबल्या तशी मीही थांबले. जंगल गप्प झालं होतं. मंजुषा धुक्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि नांदेडच्या ग्रंथालयातल्या बोलीत नाही, घरच्या बोलीत, शेतात पलीकडच्या बांधावरच्या माणसाला सांगावं तसं मोठ्याने बोलली.

"आप्पा, हाक कशी मारू? वड्यापस्तोर येत होतं ऐकू. मी यष्टीत चढले, तवाबी येतच होतं."