काळ्या म्हशीचा पांढरा डाग

पहिल्या फोटोत म्हैस राखाडी आली. विम्याच्या ऑफिसातल्या जितेश सरांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि फॉर्मवर बोट ठेवलं. "इथे रंग काळा लिहिलाय. ही तर पावसात भिजलेल्या सिमेंटच्या पोत्यासारखी दिसतेय. आणि कानातल्या बिल्ल्यावरचा नंबर कुठाय? उद्या पाचच्या आत दुसरा फोटो द्या, मॅडम. मुदत संपली की नवीन फॉर्म, नवीन तपासणी. महिना जाईल."

म्हैस बायजामावशींची. उमरठच्या वरच्या अंगाला डोंगरावर त्यांची वाडी आहे. गेल्या वर्षी बिबट्यानं त्यांची एक म्हैस नेली, तिचा विमा नव्हता. म्हणून ही व्याली तेव्हा मावशी चौथ्या दिवशीच महाडला मामाच्या स्टुडिओत आल्या. मामाला गुडघ्यामुळे चढ झेपत नाही. मी फिजिक्समध्ये बीएस्सी केलंय आणि सध्या स्टुडिओ सांभाळते, तेव्हा मीच गेले.

अडचण एकच होती. त्यांच्याकडे व्यालेली म्हैस बारा दिवस गोठ्याबाहेर काढत नाहीत, आणि परक्या माणसानं तिला हात लावायचा नाही. नजर लागते, दूध आटतं. म्हणजे फोटो आतच काढायचा. गोठ्याला खिडकी नाही. दार म्हशीच्या मागे. पलीकडच्या चुलीच्या धुरानं भिंती आणि वरची कौलं काळी कुळकुळीत.

म्हैस राखाडी का आली, ते विम्याच्या ऑफिसातून परतताना उमगलं. कॅमेऱ्याला समोर काय आहे ते कळत नाही. समोरचं सगळं मध्यम उजेडाचं असणार असं तो धरून चालतो. काळी म्हैस दिसली की त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो उजेड वाढवतो. मी स्वतःवर चिडले. हे मला माहीत होतं.

रात्री मावशींना फोनवर सगळं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी फ्लॅश घेऊन सकाळीच वर पोचले. मावशींचे नवरे गोमाजीकाका दारात बसले होते. मावशींनी आधी कॅमेऱ्यावरून मीठ-मोहरी ओवाळली.

"याचाच डोळा मोठा," त्या म्हणाल्या.

मावशी दावं धरून म्हशीशेजारी उभ्या राहिल्या. मालकीण फोटोत लागतेच. मी फ्लॅश मारला. म्हैस काळी आली, पण कपाळावर पांढराशुभ्र डाग! मी म्हशीकडे पाहिलं. डाग नव्हता. भिंग पुसलं, परत फोटो घेतला. डाग होताच. दोन पावलं उजवीकडे सरकून काढला, तर डाग खांद्यावर.

"चालायला लागला गो हा," काका आत येऊन माझ्या मागून म्हणाले. "म्हस बांधलेली हाय आन् डाग फिरतोय."

फॉर्मात लिहिलं होतं: अंगावर खूण नाही.

फ्लॅश जास्त होतोय असं वाटून मी बाहेर उजेडात गेले, ताकद निम्मी केली, परत आत आले. डाग आणखी मोठा. पुन्हा बाहेर, पाव ताकद, पुन्हा आत. आता कपाळ, मान, पाठ, सगळीकडे चकाकणारे पट्टे. प्रकाश कमी केला की डाग वाढत होता. शिकलेल्या कुठल्याच नियमात हे बसेना. फ्लॅश वर कौलांकडे वळवून पाहिला, म्हणजे उजेड पसरून खाली येईल. काळ्या कौलांनी तो गिळून टाकला. फोटोत फक्त मावशींचे दात दिसले.

साडेअकरा वाजले होते. खालून दीडची गाडी.

"शिकल्याली हाय ना तू?" काकांनी विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारत होते.

"बघू तरी," म्हणत मावशींनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हितं बग, बिल्ल्याचा आकडा पन पांढरा झाला."

बोट उचललं तेव्हा स्क्रीनवर ठसा राहिला. तेलकट. मी तो हुंगला. करंजाचं तेल.

"मावशी, म्हशीला तेल लावलंत?"

"लावलं की. काल राखाडी आली म्हनून सायबानं परत धाडली ना? तेल लावलं की कशी काळीभोर दिसते! तू भायेर जात हुतीस तवा तवा परत लावलं. फोटो बिघडत हुता ना."

म्हणजे मी प्रत्येक वेळी फ्लॅश कमी करत होते आणि त्या प्रत्येक वेळी म्हशीचा आरसा घासत होत्या. आणि आदल्या दिवशीची चूक माझीच.

"तेल पुसायला हवं. चुलीतली राख लावून..."

"राख नाय लावायची! पुन्यांदा राखाडी हुईल."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांना पटेल असं नव्हतं. शेवटी भाताचा कोंडा सापडला. मावशींनी कोंड्यानं म्हैस घासली, पेंढ्यानं झाडली. मग मला पांढरं कापड हवं होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, आणि डोक्यावरचं मुंडासं सोडलं. ते हातात ताणून काका बाजूला उभे राहिले. मी फ्लॅश म्हशीकडे नाही, मुंडाशाकडे वळवला. कॅमेऱ्याचा उजेड हातानं दोन घरं उतरवला, म्हणजे तो आपल्या मनानं वाढवतो तेवढा कमी केला, आणि बिल्ला चकाकू नये म्हणून तिरकी उभी राहिले.

म्हैस काळी. मावशी मावशींसारख्या. बिल्ल्याचे बाराही आकडे स्पष्ट.

चार वाजून दहा मिनिटांनी जितेश सरांनी कालचा आणि आजचा फोटो शेजारी-शेजारी ठेवले. "नंबर बरोबर आहे. पण या दोन वेगळ्या म्हशी आहेत, मॅडम."

मी समजावलं. त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. टेबलावर त्यांचं काळं हेल्मेट होतं. मी कॅमेऱ्यात तेवढंच दिसेल असं धरलं आणि काही न बदलता फोटो काढला. हेल्मेट राखाडी. मग दोन घरं उतरवून काढला. काळं.

त्यांनी हेल्मेट उचलून स्क्रीनशेजारी धरलं. "मग हे खरं कोणत्या रंगाचं?" त्यांनी विचारलं.

डोळाही उजेड कमी-जास्त करतोच. या प्रश्नाचं उत्तर मला नीट माहीत नाही, हे मला तेव्हाच कळलं.

"काळं," मी म्हणाले.

त्यांनी शिक्का मारला.

डेपोतून मावशींना फोन लावला. विमा झाला म्हणून सांगितलं.

"मग लावते आता तेल," त्या म्हणाल्या. "सकाळधरनं कोरडी हाय बिचारी."