बत्तीस होकार

माझा सहकारी विसाम सकाळी नऊला आला तो तडक माझ्या टेबलाशी. हातात लबने, म्हणजे घट्ट दही, भरलेल्या रोटीची गुंडाळी होती आणि तिला त्याने तोंडही लावलं नव्हतं. आमच्या योकनेअम गावातल्या ऑफिसात विसामने न खाता बोलायला सुरुवात केली, की काहीतरी बिनसलंय हे समजून घ्यायचं.

"तिर्त्झा, तुझा ड्रायव्हर खोटं बोलतो," तो म्हणाला.

"आधी बस तरी. मग शिव्या दे."

"बसायला वेळ नाही."

आमची कंपनी संगणकांना एकमेकांशी जोडणारी कार्डं बनवते. कार्डाशी संगणकाने कसं बोलायचं, काय विचारायचं, उत्तराचा काय अर्थ लावायचा, हे ज्या प्रोग्राममध्ये लिहिलेलं असतं त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो मी लिहिते. आठ वर्षांत त्यावर एकही मोठी तक्रार आली नव्हती आणि याचा मला जरा जास्तच माज होता, हे आज कबूल करते.

विसामच्या वडिलांचं पाच दिवसांपूर्वी हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. ते ज्या वॉर्डात होते, तिथली बावीस खाटांची यंत्रं आमच्याच कार्डांवरून सिस्टरांच्या टेबलावरच्या स्क्रीनला जोडलेली होती. पेशंटना झोप लागावी म्हणून खाटेशेजारच्या यंत्रांचा आवाज बंद ठेवत. धोक्याची घंटा वाजायची ती फक्त टेबलावर.

"काल संध्याकाळी मी त्या टेबलाशी उभा होतो," विसाम सांगू लागला. "बाबांच्या खाटेशी ठोके ऐंशी, पंच्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर असे चाललेले. टेबलावर मात्र बहात्तर. चार मिनिटं नुसतं बहात्तर! अगं, दगडालासुद्धा इतके नेमाने ठोके पडायचे नाहीत. मी ओरडलो, तेव्हा त्यांच्या माणसाने मशीन बंद करून परत चालू केलं. मग आकडे हलले."

"आणि नोंदी?"

"आणल्यात. तुझा ड्रायव्हर चारही मिनिटं लिहितोय, कार्ड ठीक, कार्ड ठीक."

"मग कार्ड ठीकच असणार. त्यांचा स्क्रीनवरचा प्रोग्राम अडकला असेल."

तो प्रोग्राम आमचा नव्हता, पण त्याची रीत मला माहीत होती. कार्ड ठीक आहे असं ड्रायव्हर सांगत असेल, तर नवा आकडा येईपर्यंत तो जुनाच दाखवत राही. कार्ड बिघडलंय असं ड्रायव्हरने सांगितलं, की लगेच शेजारच्या राखीव कार्डावर जाई आणि घंटा वाजवी. म्हणजे सगळी मदार माझ्या एका शब्दावर होती. आमच्या यिफ्ताहनेही नोंदी वाचून खांदे उडवले. यिफ्ताह आमचा साहेब, पण ड्रायव्हर लिहायला माझ्या हाताखाली शिकलेला.

"तिर्त्झाचा कोड आहे," तो म्हणाला. "आधी बाकी सगळं तपासा."

हे ऐकून मला बरं वाटलं. किती बरं वाटलं ते आठवलं, की आता लाज वाटते.

आम्ही तिघं प्रयोगशाळेत गेलो. मी कार्डाची केबल उपसली. एका सेकंदात स्क्रीन लाल, घंटा, दुसरं कार्ड चालू.

"झालं समाधान?"

"केबल नाही गं," विसाम म्हणाला. "कार्डच मेलं तर?"

आमच्याकडे कार्ड मारून, म्हणजे चालू कार्डाची वीज तोडून, बघायची पद्धत नव्हती; तसं करताना कार्ड कायमचं जळू शकतं. सुरुवातीला आमच्याजवळ तीनच कार्डं होती, हाताने जोडलेली. एक जरी गेलं असतं, तरी तीन महिने सगळे हात चोळत बसलो असतो. म्हणून मीच प्रत्येकावर जाड अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती: मारू नका, केबल काढा. पुढे कार्डांची खोकी छतापर्यंत गेली, पण चिठ्ठीतलं वाक्य तपासणीच्या यादीत गेलं ते तिथेच राहिलं. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी आम्ही त्याच्याकडून केबल उपसून घ्यायचो, टाळ्या वाजवायचो आणि त्याला कुनाफा ही मिठाई खायला घालायचो.

"कार्डाची वीज तोडायला बटणवाली पट्टी लागेल," मी म्हणाले. "ती गोदामात आहे. जोडायला तासभर जाईल."

दहा वाजले होते. विसामने खिशातून फोन काढला.

"तोवर वॉर्डात सांगतो. बाबांच्या खाटेशी कुणाला तरी बसवा म्हणतो. डॉक्टरांच्या फेरीमुळे बारापर्यंत आम्हाला आत सोडत नाहीत."

"काय सांगशील? आमचा माल खराब आहे म्हणून? पुरावा काय? बावीस पेशंट, दोन सिस्टर, त्यांची उगाच धांदल उडेल. एक तास दे मला."

"तिर्त्झा..."

"एक तास, हबीबी. अकरा वर्षांच्या ओळखीत मी तुला कधी चुकीचं सांगितलंय?"

मग त्याने फोन खिशात टाकला. माझ्या शब्दाला त्याच्याकडे किंमत होती, आणि ती मी वापरली.

पट्टी मिळाली, पण तिचा एक पाय तुटलेला निघाला. तो झाळून घ्यावा लागला. अकराला दहा मिनिटं कमी असताना सगळं जोडून झालं. विसामने बटण दाबलं. कार्डावरचा हिरवा दिवा गेला, पंखाही थांबला. आम्ही तिघंही स्क्रीनकडे वळलो.

कार्ड ठीक.

एक सेकंद गेला. कार्ड ठीक. आणखी एक. कार्ड ठीक.

मी जवळ जाऊन कार्डाला हात लावला. ते गार पडत चाललं होतं. स्क्रीनवर ओळीवर ओळ उमटत होती, प्रत्येकीच्या शेवटी तोच शब्द.

"पूर्ण उत्तर छाप," मी म्हणाले.

ड्रायव्हर कार्डाला दर सेकंदाला विचारतो, तेव्हा उत्तरात बत्तीस खुणा येतात, प्रत्येक एक किंवा शून्य. त्यातली पहिली एक असली तर कार्ड ठीक. मी फक्त ती पहिली बघत होते. यिफ्ताहने सगळ्या छापल्या. बत्तीसच्या बत्तीस एक.

आमच्या धंद्यात हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. कार्ड मेलेलं असलं, उत्तर द्यायला पलीकडे कुणीच नसलं, तर संगणक सगळ्या जागी एक भरून देतो. मेलेलं कार्ड कशालाच नाही म्हणत नाही. जिवंत आहेस का? हो. जळालंस का? हो. म्हणून आधी बघायचं, सगळ्याच खुणा एक नाहीत ना.

"हे तूच मला शिकवलं होतंस," यिफ्ताह हळूच म्हणाला.

विसामने तोवर वॉर्डाला फोन लावला होता. त्याची बोटं ओली होती, म्हणून त्याने फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला. फोन ल्युबा सिस्टरने घेतला. ती रशियातून आलेली, मोठ्या मनाची बाई. पाच दिवसांत विसामची आणि तिची चांगली ओळख झाली होती.

"सिस्टर, माझे बाबा कसे आहेत?"

"अरे, किती काळजी करशील? फेरी लांबलीय, डॉक्टर अजून पलीकडच्या बाजूलाच आहेत. पण बाबांचा आकडा माझ्या समोर आहे. बहात्तर. सकाळपासून कसे छान बहात्तरच आहेत बघ, मधे एकदाही हलले नाहीत."

मी फोनवर वाकले.

"सिस्टर, तो स्क्रीन सोडा. उठा. खाटेशी जा आणि हाताने नाडी बघा. आत्ता!"

"बाई, तुम्ही कोण?"

"तो आकडा माझ्यामुळे दिसतोय. तो खोटा आहे. जा!"

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तिच्या चपला चालत गेल्या, घाईने नव्हे. मग बराच वेळ काही नाही. आमच्यासमोर मेलेलं कार्ड सेकंदासेकंदाला ठीक असल्याचं सांगत होतं. आणि मग तिकडून ल्युबाची हाक आली, तिच्या भाषेत, नंतर आमच्या भाषेत. पाठोपाठ धावणारी पावलं आणि चाकांचा खडखडाट. विसाम दारातून बाहेर पडला तेव्हा त्याची खुर्ची उलटी पडली. ती मी किती तरी वेळ उचलली नाही.

तो पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ठोके साधारण साडेदहाला थांबले असावेत, असं डॉक्टर म्हणाले. वेळीच कळतं तर बहुतेक वाचवता आलं असतं, असंही म्हणाले. मी एक तास मागितला होता दहाला.

चूक दुरुस्त करायला एक ओळ लागली. त्याच दुपारी मी ती उभ्या उभ्या लिहिली, आणि संध्याकाळपर्यंत ती सगळ्या इस्पितळांत पोचली. ती चिठ्ठी मी तिन्ही कार्डांवरून नखाने खरवडून काढली. कुणी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी मी विसामच्या गावी गेले. दारात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, पुरुष गप्प बसलेले. विसाम उठून आला, मला आत नेऊन बसवलं, आणि लहान कपात बिनसाखरेची कॉफी ओतून दिली. त्याने दाढी केली नव्हती. त्याचा चेहरा अगदी शांत होता.

"आई ठीक आहे?" मी विचारलं.

"हो."

"तू झोपतोस?"

"हो."

"काही खाल्लंस?"

"हो."

मी कप खाली ठेवला. जे विचारायला आले होते ते विचारायचं अजून राहिलंच होतं.

"विसाम, मला माफ करशील?"

"हो," तो लगेच म्हणाला, त्याच आवाजात. आणि मला त्याच्याकडे बघवेना.