न फोडलेल्या पाकिटातले भिंग

मी एक जुने भिंग आहे. मित्रांनो, भिंग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पेपर वाचायची गोल काच आली असेल, तर ती आधी पुसून टाका. मी प्लॅस्टिकचा पातळ चौकोन आहे, वहीच्या पानाएवढा. माझ्या अंगावर बारीक गोल रेघा आहेत, बोटाला जेमतेम लागतील इतक्या. मला खिडकीच्या काचेवर चिकटवले की त्या खिडकीतून एरवी जे दिसत नाही, खाली आणि शेजारी जे लपून राहते, ते माझ्यात लहान होऊन दिसू लागते. मला एवढे एकच काम येते. आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेला आहे. स्वतःची कहाणी सांगताना गोड बोलावे म्हणतात. ते माझ्याच्याने व्हायचे नाही.

इंग्लंडमधल्या वॉल्सॉलच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तापलेल्या साच्यातून मी बाहेर पडलो, थंड झालो, आणि पुठ्ठ्याला पाठ लावून एका पाकिटात बंद झालो. पाकिटावर चित्र होते: ट्रक, त्याची खिडकी, खिडकीत मी. खाली अकरा भाषांत लिहिलेले होते की हे उजव्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात चिकटवा. इतके सोपे काम की सहा वर्षांच्या पोराने करावे. मला वाटले, आठवड्याभरात आपण कामाला लागणार.

आमच्या बेटावर गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. समुद्रापलीकडे सगळा कारभार उजव्या बाजूने. त्यामुळे पलीकडून बोटीने येणाऱ्या ट्रकचे स्टिअरिंग डावीकडे असते आणि आमच्या रस्त्यावर तो ड्रायव्हर कडेच्या गवताजवळ बसतो. त्याच्या उजव्या खिडकीखाली, दाराला अगदी लागून, एक आख्खी मोटार मावते आणि त्याला ती दिसत नाही. आरशात नाही, खिडकीत नाही. मोटार तिथे असते, आत माणूस असतो, रेडिओ चालू असतो, आणि वरच्याच्या लेखी तो रस्ता मोकळा असतो. माझा जन्म त्या एका जागेसाठी झाला.

डोव्हर बंदरात मॉरीन पिल्चर नावाची बाई आम्हाला वाटायची. पिवळे जाकीट, लाल नाक, खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. बोटीतून उतरणाऱ्या प्रत्येक ट्रकशी ती थांबायची, पाकिटावर पेनाने ट्रकचा नंबर घालायची, आणि पाकिटासोबत एक गोळी द्यायची.

"नंबर कशाला घालतेस गं?" तिच्या सोबतच्या माणसाने एकदा विचारले.

"नाव घातलेला डबा कोणी टाकत नाही," ती म्हणाली. "शाळेत शिकलेय मी ते."

बिचारी! गोळी लगेच तोंडात जायची. पाकीट कुठे जायचे ते आम्हालाच ठाऊक.

माझ्या वाट्याला एवारिस्तो आला. स्पेनमधल्या मुर्सियाचा, पन्नाशीचा, जाड भुवयांचा. हिवाळ्यात इंग्लंडला लेट्यूसची हिरवी पाने लागतात आणि ती त्याच्या गावाकडे पिकतात, म्हणून तो दर आठवड्याला यायचा. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण वाईट माणसाने केलेले वाईट समजते तरी. चांगल्या माणसाच्या आळसाचे काय करायचे?

"राजा, हे आत्ता लाव," मॉरीन त्याला म्हणाली. "माझ्यासमोर. एक मिनिटाचं काम आहे."

"लावतो, लावतो, बाई. आधी जाऊ दे. पानं कोमेजतात."

"पानं कोमेजली तर दुसरी उगवतील रे बाबा."

तो हसला, गोळी तोंडात टाकली आणि मला दाराच्या कप्प्यात कोंबले. तिथे सार्डिन माशांचा रिकामा डबा, फाटका नकाशा आणि एक हातमोजा अशी मंडळी आधीच राहत होती. संध्याकाळी ट्रकच्या मालकाचा फोन आला. एवारिस्तोने माझ्याबद्दल सांगितलेही. मालक ओरडला, "काचेला काही चिकटवू नकोस! उन्हाळ्यात गाडी विकायचीय मला. डाग पडला तर गिऱ्हाईक भाव पाडतं." झाले. त्या न पडलेल्या डागासाठी मी चौदा फेऱ्या माशांच्या वासात काढल्या.

पाकिटावरच्या अकरा भाषांत चौथी त्याची स्वतःची होती, मित्रांनो. ती ओळ त्याच्या मांडीकडे तोंड करून असायची.

फेब्रुवारीतली एक सकाळ. ॲशफर्डजवळच्या ट्रकतळावर कडाक्याचे हिव पडले होते आणि सगळ्या काचा बर्फाने पांढऱ्या झाल्या होत्या. इथले ड्रायव्हर काच खरवडायची पट्टी घेऊन खाली उतरले. एवारिस्तोच्या गावात बर्फ पडत नाही, त्यामुळे त्याच्याकडे पट्टी नव्हती. त्याने कप्पा चाचपला. डबा बाजूला, नकाशा बाजूला, आणि मी हातात. पुठ्ठ्यामुळे पाकीट ताठ होते ना!

त्याने मला बाहेर नेले, पाकिटासकट, आणि माझ्या कडेने समोरची काच खरवडू लागला. एक कोपरा चेंबला, पुठ्ठा भिजला. त्याने काचेची फक्त डावी बाजू साफ केली, स्वतःच्या तोंडासमोरची. उजवीकडे दोन हात मारले, बोटांवर फुंकर घातली आणि वर चढला. उजव्या खिडकीकडे तर तो फिरकलाच नाही. मला काचेसमोरच्या फळीवर टाकले. ज्या खिडकीसाठी मी जन्मलो ती माझ्यापासून दोन हातांवर होती, आणि तिच्यावर बर्फाची जाड साय होती.

मोटरवेला लागेपर्यंत केबिनच्या उबेने उजव्या खिडकीवरची साय आरशापुरती वितळली होती. पुढे एक संथ टँकर होता. एवारिस्तोने उजवीकडचा आरसा पाहिला. आरशात मागचा रस्ता मोकळा होता, कारण बेरिल हॉग्बेनची छोटी निळी मोटार मागे नव्हतीच. ती शेजारी होती, दाराखाली. त्याने वळायचा दिवा लावला आणि स्टिअरिंग उजवीकडे फिरवले.

टक् असा आवाज झाला, एखादे कपाट भिंतीला लागावे तसा. निळी मोटार गर्रकन फिरली आणि ट्रकच्या नाकासमोर आडवी झाली. आमची केबिन इतकी उंच की त्याला तिचे छतसुद्धा दिसेना. त्याला वाटले, चाकाखाली बर्फ आला. तो तिला तशीच आडवी ढकलत निघाला. तिचे टायर किंचाळत होते आणि तो रेडिओचा आवाज वाढवत होता! शेवटी एका व्हॅनवाल्याने शेजारी येऊन भोंगा दाबून धरला, हात हलवले, तेव्हा कुठे त्याने ब्रेक लावला. पोलिसांनी नंतर रस्ता मोजला. तीनशे दहा मीटर.

एवारिस्तो खाली उतरला आणि रस्त्यातच बसला. "नव्हतं," तो म्हणत राहिला. "तिथं कोणी नव्हतं. देवाशप्पथ, तिथं कोणी नव्हतं."

बेरिल शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि त्या सकाळी कामावरच निघाली होती. ती वाचली. तिचा उजवा खांदा मात्र वाचला नाही. एकतीस वर्षे ती गावच्या चर्चमध्ये रविवारी घंटा वाजवायची. सहा घंटांचे सहा दोर, त्यातला तिसरा तिचा. आता तिला चहाचा कपही डाव्या हाताने उचलावा लागतो.

त्या दिवशी केबिन तपासताना कॉन्स्टेबल नीव्ह नावाच्या शांत माणसाने मला उचलले. त्याने चेंबलेला कोपरा पाहिला, पाकिटावरचा नंबर वाचला, मग ट्रकचा नंबर वाचला. "अरे देवा," तो हळूच म्हणाला, आणि त्याने मला पुराव्याच्या पिशवीत घातले.

खटला एप्रिलमध्ये उभा राहिला. पलीकडचे कित्येक ड्रायव्हर असे अपघात करून बोटीत बसतात ते परत तोंड दाखवत नाहीत. समन्स कोणत्या दारावर टाकणार? एवारिस्तो आला, कारण हजर राहिला नाही तर हा ट्रक बंदरातच अडकेल अशी तंबी मालकाला मिळाली होती. तो आलाही त्याच ट्रकमधून, लेट्यूस भरून. उजवी खिडकी तशीच रिकामी होती.

कोर्टाच्या व्हरांड्यात कोणी एक गृहस्थ बेरिलला धीर द्यायला आले. "या परदेशी लोकांना आत घेऊच नये, बाई. सगळे सारखे."

"माझा भाऊ वीस वर्षं ट्रक घेऊन फ्रान्सला जात होता," बेरिल म्हणाली. "त्याचं स्टिअरिंग तिकडे उलट्या बाजूला. भिंग त्यानंही कधी लावलं नाही. त्याच्या हातून कोणी मेलं नाही ते त्याचं नशीब. तुम्ही बसा बघू खाली."

आत एवारिस्तोच्या वकिलाने एकच तुणतुणे लावले होते. स्टिअरिंग डावीकडे, बाई उजवीकडे, मध्ये लपलेली जागा. "माझा अशील निष्काळजी नव्हता. ह्या बाई दिसणं शक्यच नव्हतं. हा नाइलाज होता." नाचता येईना अंगण वाकडे! पण तीन मॅजिस्ट्रेटांतल्या मधल्या बाई मान डोलावत होत्या. नाइलाज हा शब्द एकदा कागदावर चढला की त्या खिडकीखालून चालणारा प्रत्येक माणूस नाइलाजाने चिरडायला मोकळा.

बेरिल उभी राहिली. "विम्यावाल्यांनी पत्रात हाच शब्द लिहिलाय मला. नाइलाज. मला शिक्षा-बिक्षा काही मागायची नाही. फक्त मी दिसत नव्हते असं कोणी म्हणू नका. मी होते तिथं. हिरवा कोट घालून होते."

तेव्हा नीव्हने मला वर धरले. नंतर साक्ष द्यायला मॉरीन आली. हस्ताक्षर तिचे, नंबर तिचा, तारीखही तिचीच.

"तुम्ही यांना काय सांगितलं होतं?" मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारले.

"एक मिनिटाचं काम आहे म्हणून."

"आणि हे खरंच चालतं?"

"ट्रक बाहेर उभा आहे, बाईसाहेब," मॉरीन म्हणाली. "पाकीट फोडा आणि बघा."

सगळे कोर्ट आवारात उतरले. बेरिलला ट्रकच्या दाराखाली, तिची मोटार जिथे होती त्या जागी उभे केले. मॅजिस्ट्रेटबाई स्कर्ट सावरत तीन पायऱ्या चढल्या आणि एवारिस्तोच्या जागेवर बसल्या. आरशात पाहिले, खिडकीतून पाहिले.

"मला कोणीच दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"तेच तर," वकील म्हणाला.

मग नीव्हने पाकीट फोडले. मित्रांनो, पाच महिन्यांनी मला हवा लागली. त्याने पाठीवरचा कागद सोलला आणि मला उजव्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात दाबून बसवले. मी भरभरून पाहिले. आवार, भिंत, सायकल, आकाशाचा तुकडा, सगळे माझ्यात आले.

"आता, बाईसाहेब?"

त्या खिडकीकडे वाकल्या. "हिरवा कोट," त्या म्हणाल्या. "गळ्यात अडकवलेला हात. त्या माझ्याकडेच बघतायत."

त्या उतरल्या आणि त्यांनी एवारिस्तोला चढायला सांगितले. तो बसला. माझ्याकडे त्याने पहिल्यांदाच पाहिले. माझ्यातून बेरिल त्याच्याकडे पाहत होती, बोटभर उंचीची, पण पुरी. तो काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतोय तो?" बेरिलने खालून विचारले.

"दिसते, म्हणतोय," नीव्ह म्हणाला.

"मोठ्यानं म्हण!" बेरिल ओरडली. सगळे आवार दचकले. "तीनशे मीटर ढकललंस ना मला? मोठ्यानं म्हण!"

"दिसते," एवारिस्तो म्हणाला, आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

कोर्टाने त्याला दोषी ठरवले. दंड झाला, आणि वर्षभर ब्रिटनमध्ये गाडी चालवायला बंदी. ब्रिटनमध्ये! बोटीतून पलीकडे उतरला की तो पुन्हा चालक. आणि ज्या मालकाला काचेवर डाग नको होता त्याचे तर त्या खोलीत कोणी नावही घेतले नाही. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. इथे झोपासुद्धा अर्धाच केला. माझा राग तेव्हापासून आहे आणि तो जाऊ नये अशी माझी इच्छा आहे.

मला काचेवरून सोलून पुन्हा पिशवीत घातले. माझी सारी नोकरी अकरा मिनिटांची झाली.

खटल्यानंतर नीव्हने मला मॉरीनकडे परत दिले. तिने मला बंदरातल्या तिच्या टपरीच्या काचेवर लावले आहे, चेंबलेल्या पाकिटाशेजारी. ती आता कोणाच्या हातात पाकीट देत नाही. स्वतः पायरीवर चढते, भिंग चिकटवते, खाली उतरते आणि मगच ड्रायव्हरला गोळी देते. वरिष्ठांनी तिला झापले, "हा आपला अधिकार नाही, मॉरीन."

"मग काढून टाका मला," ती म्हणाली, आणि पुढच्या ट्रकवर चढली.

गेल्या आठवड्यात तोच ट्रक पुन्हा आला. ड्रायव्हर नवा, तरुण. खिडकी रिकामी. "मालक नको म्हणतो," तो म्हणाला. मॉरीनने त्याला टपरीपाशी आणले, माझ्यासमोर उभे केले आणि त्याच्या भाषेतली चौथी ओळ बोटाने दाखवली. मग त्याने स्वतःच नवे पाकीट फोडले.

मित्रांनो, तुमच्याही घरी अशी न फोडलेली पाकिटे असतील. हँडलला अडकवलेले हेल्मेट असेल, मुडपून ठेवलेला आरसा असेल, "लावतो, लावतो" म्हणून मागे पडलेला पट्टा असेल. मला कौतुक नको, माझी पूजा नको, पुरावा म्हणून जपणे तर अजिबात नको. मी साधी वस्तू आहे. मला वेळेवर वापरा. बेरिलच्या गावात आता रविवारी पाचच घंटा वाजतात. पहिली, दुसरी, मग एक रिकामा ठोका, मग चौथी. तिसऱ्या दोराला दुसरा हात लावायला गावात अजून कोणी पुढे आलेले नाही.