आठवड्याची बकरी

कल्पना कर, तुझ्या हातात एक फोन आहे आणि त्या फोनच्या आत एक गड. गडावर तीस जण राहतात. कुणी येवल्याचं, कुणी नांदगावचं, कुणी पेठच्या डोंगरातलं. त्यांतल्या बहुतेकांना तू कधी पाहिलेलं नाही, पण प्रत्येकाचा आवाज तुला ओळखता येतो. दर रविवारी दुपारी हे तीस जण मिळून दुसऱ्या एखाद्या गडावर चालून जातात. कुणी पुढे व्हायचं, कुणी मागे थांबायचं, हे तू सांगायचं. तुझा आवाज आला की बाकीचे गप्प होतात. तुझ्या नावाशेजारी एक छोटा लाल फेटा दिसतो. तीस जणांत तो एकालाच मिळतो.

दिसला फेटा? आता तो तुझ्या डोक्यावरून काढ आणि अरिबाच्या डोक्यावर ठेव.

अरिबा नववीत होती. जुन्या नाशकात, दूधबाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं घर. तिची मोठी बहीण आफिया त्याच शाळेत दर वर्षी पहिली येऊन बाहेर पडलेली, त्यामुळे शाळेत अरिबाला कुणी अरिबा म्हणतच नसे. हजेरी घेताना बाईंच्या तोंडून 'आफिया' निघायचं आणि अरिबा मुकाट्याने 'हजर' म्हणायची. घरी सगळ्यांचं लक्ष धाकट्या मुन्नाकडे. 'गडराज' नावाच्या त्या खेळात मात्र तिचा स्वतःचा तीस जणांचा क्लॅन होता, 'दूधबाजार वॉरियर्स'. एकेक जण हुडकून, समजावून तिने तो उभा केला होता. तिथे सगळे तिला आपा, म्हणजे ताई, म्हणत. आपा म्हणेल ते खरं.

आता बकरीची गोष्ट ऐक.

मागच्या बकरी ईदच्या आधी अरिबाच्या अब्बांनी, कादरभाईंनी, एक काळा बकरा आणून जिन्याखाली बांधला होता. त्या रविवारी लढाई संपली, गुणांचा तक्ता आला आणि तळाला नाव होतं नांदगावच्या साक्षीचं. साक्षी अरिबापेक्षा वर्षाने लहान, बारीक आवाजाची, सगळ्यांना अहो-जाहो करणारी.

"साक्षी, काय झालं गं तुला आज?" अरिबाने माईकवर विचारलं.

साक्षी तोंड उघडणार, तेवढ्यात जिन्याखालून बकरा ओरडला. बेंऽऽ. तीसच्या तीस फोनांवर तो ऐकू गेला.

"आपा, दिलं की तिने उत्तर!" नईम ओरडला. नईम येवल्याचा, क्लॅनमधला अरिबाच्या खालोखालचा, तिचा डेप्युटी. सगळे पोट धरून हसले. अरिबाही हसली. इतक्या जणांना आपण हसवू शकतो हे तिला त्या दिवशी कळलं. ती म्हणाली, "चला, आजपासून नियम. जो तळाला, तो आठवड्याची बकरी. माईकवर आला की आधी बें करायचं, मग बोलायचं."

बकरा ईदला गेला. नियम राहिला.

साक्षी तळाला का जायची, हेही तुला माहीत हवं. या खेळात सैन्य तयार व्हायला अख्खा दिवस लागतो. त्या सैन्याला मुलं ट्रूप म्हणतात. आपला ट्रूप घेऊन आपण हल्ला करू शकतो, किंवा तो दुसऱ्याला देऊन टाकू शकतो. पण तक्त्यात गुण मिळतात ते फक्त हल्ल्याचे. दिल्याचे काहीच नाहीत. आणि साक्षीला कुणी मागितलं की नाही म्हणता येत नसे. पंगतीत सगळ्यांना वाढून झाल्यावर रिकाम्या ताटावर बसणारी असते ना एखादी, तशी ती. सगळ्यात जास्त मागायची अरिबा.

म्हणून रविवार उलटून रविवार यायचा आणि बकरी बहुधा तीच असायची.

"बें," साक्षी म्हणायची. "आपा, मी आज..."

"ऐकू नाही आलं," नईम म्हणायचा.

"बेंऽऽ."

"हां! आता चारा टाका रे कुणीतरी."

एकदा साक्षी धीर करून म्हणाली, "आपा, माझे सगळे ट्रूप मी तुम्हालाच दिले होते. म्हणून मी..."

अरिबाला हे ठाऊक होतं. ती म्हणाली, "आधी बें कर."

साक्षीने केलं. मग पुढचं वाक्य काही ती बोलली नाही.

असेच महिने गेले आणि रमजान आला. अरिबाच्या अम्मीने, जैतुनबीने, आधीच बजावून ठेवलं होतं, "रमजानात हे धाडधूड चालायचं नाही. चाँद दिसला की फोन कपाटात. ईदच्या दिवशी बाहेर."

"अम्मी, निदान रविवारी?"

"रविवारी रोजा नसतो का?"

अरिबापुढे आता मोठा पेच पडला. खेळाचा नियम असा की फेटेवाला आठवडाभर आला नाही तर फेटा आपोआप डेप्युटीकडे जातो. म्हणजे नईमकडे. नईम हुशार होता, लढायचाही चांगला, आणि एकदा मिळालेला फेटा तो परत देणार नाही याची अरिबाला खात्री होती. कारण तिने स्वतः दिला नसता. फेटा आपल्या हाताने दुसऱ्या कुणाला देता यायचा, पण मग तो त्याचाच. त्याने परत केला तरच परत.

मग परत करणारं माणूस कोण? अरिबाने तीस नावं वरपासून खालपर्यंत वाचली आणि तळाशी येऊन थांबली. बें म्हण म्हटल्यावर जी बें म्हणते, ती दे म्हटल्यावर देणारच.

"मी?" साक्षी घाबरली. "नाय आपा, मला नाय जमायचं."

"तुला काही करायचंच नाहीये. नुसता सांभाळायचा. ईदला मला परत द्यायचा. देशील ना?"

"देईन."

"शब्द?"

"शब्द, आपा."

त्या संध्याकाळी चाँद दिसला. फोन कपाटात गेला. अरिबाने मन लावून रोजे धरले. पण इफ्तारला खजूर तोंडात टाकताना रविवार असला की तिला गड दिसायचा, आणि आपल्याशिवाय तो कसा ढासळत असेल याची ती कल्पना करायची. खरं सांगायचं तर तिला ती कल्पना आवडायची.

ईदच्या दुपारी शीरखुर्मा खाऊन झाल्यावर अम्मीने कपाट उघडलं. "घे बाई. महिनाभर त्यानेपण रोजा धरला."

अरिबाने गड उघडला. तो ढासळला नव्हता. उलट नवा बुरूज चढला होता. सगळे माईकवरच होते.

"ईद मुबारक, वॉरियर्स! आपा परत आली!"

कुणीतरी हसू दाबल्याचा आवाज आला.

"ईद मुबारक," साक्षी म्हणाली. आवाज तोच, बारीक. पण तो आला तसे सगळे गप्प झाले, आणि ते अरिबाच्या ध्यानात आलं. "पण आधी बें करावं लागंल."

"काय?"

"चार रविवार तुझे गुण शून्य. तळाला तूच. नियम हाय ना?"

"अगं, मी नव्हतेच! सांगून गेले होते."

"सांगून गेलं तर चालतं, असं नियमात कुठंय?"

"बरं, बरं. झाली मस्करी. फेटा दे."

साक्षीने सगळ्यांना विचारलं, "कोणाला वाटतं, द्यावा?"

शेवटी नईम म्हणाला, "आपा, चारही लढाया जिंकलो आपण. साक्षीने पहिल्याच दिवशी सांगितलं, ज्याचा ट्रूप त्याने वापरायचा. आता इथे कुणी कुणाला काही देत नाही. बेस्ट चाललंय."

"साक्षी, तू शब्द दिला होतास."

"दिला होता," साक्षी म्हणाली. "ट्रूपपण दिले होते."

अरिबाने रागाने क्लॅन सोडला. तिला वाटलं, तासाभरात नईमचा मेसेज येईल. आला नाही. तिने दुसऱ्या एका क्लॅनमध्ये विचारलं, तिथल्या लीडरने 'कोण तू?' एवढंच लिहिलं. तिसऱ्या क्लॅनने घेतलं, पण तिथे संध्याकाळभर कुणी तिच्याशी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत बाई म्हणाल्या, "आफिया."

"हजर," अरिबा म्हणाली.

घरी येऊन तिने दप्तर टाकलं आणि 'दूधबाजार वॉरियर्स'ला प्रवेशाची विनंती पाठवली. आपणच दिलेल्या नावाखालचं ते बटण तिने आजवर कधी दाबलं नव्हतं.

साक्षीने लगेच आत घेतलं. "ये," ती म्हणाली आणि थांबली. सगळेच थांबले होते.

अरिबाने खोलीचं दार लावलं, फोन तोंडाशी धरला आणि हळूच म्हणाली, "बें."

"ऐकू नाय आलं," साक्षी म्हणाली.

"बेंऽऽ."

हशा उसळला. अरिबाने तो पूर्वी अनेकदा ऐकला होता, पण आज तो फोनमधून बाहेर येऊन खोलीभर पसरला. दाराबाहेर मुन्ना ओरडला, "अम्मी, अरिबा बाजी बकरीसारखी ओरडते!" आणि मग तो संध्याकाळभर घरात बें बें करत फिरला. अम्मीने त्याला रागावलं तेव्हा तो म्हणाला, "तिने सुरू केलं!"

त्या आठवड्यात क्लॅनमध्ये एक नवा मुलगा आला. रोहित, सातपूरचा, तिसरीतला. सगळ्यांना दादा-ताई म्हणायचा आणि बोलताना मध्येच नाक ओढायचा. बकरीचं प्रकरण त्याला कुणीतरी सांगितलं असावं, कारण तो पहिल्या दिवसापासून ज्याला त्याला विचारत होता, "पण मी नवीन आहे ना? नवीन असलं तर नाही ना करायला लागत?"

रविवार आला. गड मोठा होता, लढाई लांबली. शेवटी शेवटी तक्त्यात तळाला अरिबा आणि रोहित. रोहितचे ट्रूप संपले होते, तरी तो अरिबाच्या थोडा वर होता. अरिबाकडे एक ट्रूप उरला होता. ताजा, अख्खा. तो वापरला की ती रोहितच्या पुढे जाणार. तो रोहितला दिला की रोहित वाचणार आणि ती तळाला राहणार.

"अरिबाताई," माईकवर नाक ओढल्याचा आवाज आला. "मला तुमचा तो ट्रूप देता का? प्लीज. माझे संपले. तुम्ही आधी इथल्या आपा होतात ना? नईमदादा म्हणाला."

साक्षी म्हणाली, "द्यायचा तर दे, अरिबा. मी अडवत नाय."

आणि मग सगळे गप्प झाले. आठवतं, तुझ्या डोक्यावर फेटा होता तेव्हा कसे गप्प व्हायचे? तसे. ईदपासून पहिल्यांदाच सगळे अरिबा काय ठरवते याची वाट बघत होते. आता तू तिच्या जागी बस. फोन हातात घे. पडद्यावर बटणं दोनच आहेत, एक देण्याचं आणि एक हल्ल्याचं. वर घड्याळ उलटं पळतंय.

अरिबाने हल्ल्याचं बटण दाबलं.

बुरूज पडला, गुण आले, लढाई संपली. तक्त्यात ती एक पायरी वर चढली. तळाला रोहितचं नाव उरलं.

"चला रोहितशेठ," नईम म्हणाला. "होऊन जाऊ द्या."

रोहितने काहीतरी केलं. ते बकरीसारखं नव्हतं, मांजराच्या पिलासारखं होतं.

"ऐकू नाही आलं!" दोघातिघांनी एकदम म्हटलं.

"मला येत नाही," रोहित म्हणाला. त्याचा आवाज आता रडण्याच्या अगदी कडेला होता. "मला खरंच येत नाही हो."

तेव्हा अरिबाने आपला माईक चालू केला.

"रडू नकोस, सोपं असतं," ती अगदी मायेने म्हणाली. "आधी मोठा श्वास घे. घेतलास? आता तोंड उघड आणि आवाज नाकातून काढ. ऐक हं, असा." तिने करून दाखवलं, लांब आणि स्पष्ट, आणि सगळे हसत असतानाच म्हणाली, "आता तू. माझ्यामागून."